ओने! रेस्पे! : हैतीतल्या बाळंतिणीच्या घरी सात दिवस

२९ डिसेंबर २०१८, ओकाप (रोजनिशी तेव्हाची, नंतरच्या वर्षांचे उल्लेख मागाहून जोडलेले)

आमची मैत्री बर्फाच्या पाण्यावरून झाली. बोस्टनच्या ज्या रुग्णालयात मी बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स आहे, तिथं बाळंतपण झालं की बाईच्या उशाशी बर्फ घातलेला पाण्याचा जग ठेवतात. काही वर्षांपूर्वी हैतीची एक बाळंतीण त्या जगाकडे पाठ करून दिवसभर तहानलेली पडून होती, आणि कागदावर नोंद झाली होती, 'रुग्ण पाणी घेत नाही'. मी कोमट पाणी घेऊन गेले, तर दुसरी एक हैतीचीच नर्स आधीच वाफाळता कप घेऊन तिच्यापाशी बसलेली. "ओल्या बाळंतिणीला गार पाणी देतं का कुणी?" ती इंग्रजीत म्हणाली, पण मला ते माझ्या आजीच्या आवाजात ऐकू आलं. माझी आजी वाईजवळच्या गावात सुईण होती.

तेव्हापासून ती मला माकोमे म्हणते आणि मी तिला. हैतीच्या क्रेओल भाषेत मुलाची आई आणि त्याची धर्ममाता एकमेकींना या नावानं हाक मारतात. पुढे तो शब्द जिवाभावाच्या बायकांसाठीही वापरला जाऊ लागला. आपल्याकडे विहीण, जाऊ, नणंद आहेत. पण लेकराच्या काळजीतून जुळलेल्या मैत्रीला असा सुटा शब्द मला आठवत नाही.

दर वर्षअखेर ती माहेरी जायची. यंदा तिच्या धाकट्या बहिणीचे दिवस भरत आले होते, म्हणून मला म्हणाली, "चल, वॉर्डात जे दिसत नाही ते बघ." मायामीहून जेमतेम दोन तासांत आम्ही हैतीच्या उत्तर किनाऱ्यावर उतरलो. नकाशात या शहराचं नाव काप-आयसियां. इथली माणसं नुसतं ओकाप म्हणतात. समुद्राला समांतर रस्त्यांना अक्षरं आणि त्यांना छेदणाऱ्या रस्त्यांना आकडे, त्यामुळे पत्ता म्हणजे एक आकडा आणि एक अक्षर. नक्षीच्या कठड्यांचे सज्जे, रंग उडालेली उंच दारं.

दाराशी माकोमे थांबली आणि आत हाक दिली, "ओने!" आतून म्हातारा आवाज आला, "रेस्पे!" येणारा म्हणतो मान, घरचा म्हणतो आदर, मग उंबरा ओलांडायचा. आवाज होता ग्रानचा, म्हणजे आजीचा. बाळ परवा रात्रीच झालं होतं. मुलगी. पण आम्हाला लगेच आत सोडलं नाही. संध्याकाळच्या दवाला इथं सेरें म्हणतात, ते अंगावर घेऊन बाळंतिणीपाशी जायचं नाही. हातपाय धुऊन, अंग कोरडं करून, थोडं बसून मग आत. खिडक्या बंद, बाळंतिणीच्या डोक्याला घट्ट फडकं, पोटाला पट्टा. मी दारातच उभी राहिले. पुढे पाऊल पडेना. ही खोली मी लहानपणी पाहिलेली होती.

३० डिसेंबर

आजचा दिवस सावकाश लिहिते.

बाळंतिणीला इथं फाम नूरीस म्हणतात, पाजणारी बाई. तिच्या न्हाण्याचे तीन टप्पे असतात. पहिले तीन दिवस पाला उकळलेल्या कढत पाण्यानं. पुढचे तीन दिवस पाला घातलेलं पाणी उन्हात तापवून. आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या शेवटी एकदा गार पाण्यानं; ते झालं की बाई पुन्हा जगात यायला मोकळी. आज कढत पाण्याचा शेवटचा दिवस होता.

पहाटे ग्रान परसात गेल्या. मी मागोमाग. पपईची पानं, मामफळाची पानं, संत्र्याची पानं, एरंडाची रुंद पानं. मग कुंपणावरचा एक वेल त्यांनी ओरबाडला आणि माझ्या नाकाशी धरला. कारलं! इथं त्याला आसोसी म्हणतात. फळाची भाजी करत नाहीत, वापर पानांचा. मी म्हटलं, आम्ही फळ खातो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की आम्हीच अर्धा वेल वाया घालवतो.

तीन दगडांच्या चुलीवर मोठं भांडं. पाणी हिरवट, मग तपकिरी झालं, आणि परसात कडू-गोड वास भरला. ग्रानच्या हातांकडे मी नीट पाहिलं. बोटांची पेरं सुजलेली, पण तळहात मऊ, तेलानं मुरलेले. त्यांनी फडकं कढत पाण्यात बुडवलं, पिळलं, आधी स्वतःच्या मनगटावर टेकवलं आणि मग नातीच्या पाठीवर दाबून धरलं. चोळणं नाही, नुसतं दाबून धरणं. कमरेवर, ओटीपोटावर, मांड्यांवर. दर वेळी नातीच्या तोंडून एक लांब श्वास. वॉर्डात आम्ही गोळी देतो, दर चार तासांनी पोट चाचपतो, रक्तस्राव मोजतो. ते हवंच, त्यानं जीव वाचतात. पण इतका वेळ एका बाईच्या पाठीवर कुणी हात ठेवून बसलेलं मी गेल्या कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

ग्रान काम करता करता गुणगुणत होत्या. हे पानांचंच जुनं गाणं : पानांनो, माझा जीव वाचवा, लेकरू आजारी आहे, मी जाणत्याकडे धावते आहे. गाणं व्होडूच्या परंपरेतलं. आपल्याकडे व्होडू म्हटलं की सिनेमातली टाचण्या टोचलेली बाहुली डोळ्यांपुढे येते, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. इथं तो पूर्वजांचा, देवतांचा आणि झाडपाल्याचा धर्म आहे. औषध सांगणाऱ्याला मेदसें फेय म्हणतात, पानांचा वैद्य. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांना सोबत काही आणू दिलं नव्हतं. डोक्यात राहिलं तेवढंच आलं. डोक्यात राहायचं तर चाल हवी. कुठलं पान, कुणासाठी, कुणाकडे जायचं, हे गाण्यात बसवलं की ते कुणाला हिसकावता येत नाही. आजीच्या जात्यावरच्या ओव्यांत बाळंतिणीचा काढा होता, तो मला आजही ओवी म्हटल्याशिवाय आठवत नाही.

मग तेल. ल्विल मास्क्रिती, म्हणजे आपलं एरंडेल. मात्र बिया आधी भाजून, उखळात कुटून, पाण्यात उकळून वर तरंगलेलं तेल काढतात. म्हणून रंग जवळजवळ काळा आणि वासाला धूर. ग्राननी त्यात जायफळ उगाळलं आणि बाळाच्या टाळूवर दोन बोटांनी जिरवलं. टाळू भरणं! मी काही बोलले नाही, कारण बोलता आलं नसतं.

एका गोष्टीवर मात्र मी बोलले. एरंडेल, कडू पाला आणि कच्ची साखर यांचं चाटण नवजात बाळाला पोट साफ व्हायला द्यायची इथं रीत आहे. त्या चाटणाचं नाव 'लोक'. मी माकोमेकडे पाहिलं, तिनं ग्रानना समजावलं की पहिलं चिकाचं दूधच ते काम करतं आणि चाटणानं बाळाला धोका होतो. ग्रान गप्प राहिल्या, मग वाटी बाजूला ठेवली. परंपरेवर प्रेम असलं म्हणून सगळं डोळे मिटून घ्यायचं नसतं. अमेरिका खंडात बाळंतपणात बायका दगावण्याचं प्रमाण सर्वांत जास्त आहे तो हा देश, आणि दवाखाना दूर म्हणून असंख्य बाळंतपणं घरीच होतात. पानं आणि दवाखाना दोन्ही हवं, हे ग्रानना माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यांची एक लेक बाळंतपणातच गेली.

३१ डिसेंबर

सकाळी क्लुनी बाजार. उद्याच्या सूपसाठी भोपळा, कोबी, गाजर, सेलरी, थाईम, आणि दिव्यासारखी दिसणारी जहाल मिरची. राप्पादू म्हणजे पानात गुंडाळलेला गूळ, आणि तब्लेत म्हणजे शेंगदाण्याची चिक्की, दोन्ही घेतलं. इथल्या कोंबडीच्या रश्शात काजू घालतात. उत्तरेची खासियत, चव थेट मालवणात नेणारी.

खेड्यातून माल उचलून, ट्रकच्या टपावर बसून शहरात आणणाऱ्या बायकांना मादां सारा म्हणतात. हे एका पिवळ्या पक्ष्याचं नाव आहे, सतत कलकलाट करत दाणा शोधणारा. माकोमेनं झाडाला लोंबणारी घरटी दाखवली आणि मी ओरडलेच, "ही तर सुगरण!" आपल्या सुगरणीचीच जातभाई. आम्ही त्या पक्ष्यात रांधणारी बाई पाहिली, यांनी बाजार चालवणारी. देशाचं पोट या बायकांच्या डोक्यावरून जातं, आणि बँक त्यांना दारात उभी करत नाही. २०२० साली एतां द्युपें या दिग्दर्शकानं 'मादां सारा' याच नावाचा माहितीपट केला. तो पाहताना मला आजची भोपळेवाली आठवली. तिनं भोपळा ठोकून, कान लावून, नाकारून, दुसरा दिला होता.

दुपारी बाळंतिणीचं पाणी परसात उन्हात ठेवलं होतं. टप्पा दुसरा.

रात्री वीज आली तशी लॅपटॉपवर सगळ्या बायका एका खोलीत सिनेमाला बसल्या. राऊल पेक यांचा 'लोम स्युर ले के', म्हणजे धक्क्यावरचा माणूस. १९९३ साली कान चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धा विभागात होता. दुव्हालिएच्या हुकूमशाहीच्या काळातली एक लहान मुलगी, परागंदा झालेले आईबाप, आणि नातींना लपवून वाढवणारी आजी. या आजीच्या भूमिकेत तोतो बिसेंत आहेत. त्या ओकापच्याच, जन्म १९३४चा. पॅरिसला गेल्या, १९५६ साली 'ले ग्रिओ' या कृष्णवर्णीय कलावंतांच्या नाटक मंडळीच्या संस्थापकांत होत्या, आणि पुढे क्रेओलमधली व्होडूची गाणी तिथल्या रंगमंचावर उभी केली. आयुष्याची कितीतरी वर्षं देशाबाहेर गेली. या चित्रपटाच्या पुढच्याच वर्षी, १९९४ साली त्या वारल्या.

चित्रपटातली ती आजी फार बोलत नाही. ती दार लावते, वेणी घालते, ताठ बसते. वेणी घालणाऱ्या हातांवर माझी नजर खिळली होती, आणि शेजारी ग्रान खरोखरच एका पोरीची वेणी घालत बसल्या होत्या. मध्येच त्या म्हणाल्या, "आम्ही पण असंच लपवलं होतं." कुणाला, कुठे, हे कुणी विचारलं नाही. वीज गेली. बाळ रडलं, तशी अंधारात कुणीतरी अंगाई सुरू केली. हैतीची ही जुनी अंगाई सांगते की आई नदीवर गेली, बाबा खेकडे धरायला गेले, आणि तू झोपली नाहीस तर खेकडा तुला खाईल. घरात कुणी मोठं नाही, हेच त्या अंगाईचं मूळ दुःख आहे असं मला वाटलं. गाणारी म्हणून तर जवळ बसलेली असते.

१ जानेवारी २०१९

आज देशाचा स्वातंत्र्यदिन आणि सूप जूमूचा दिवस. १ जानेवारी १८०४ रोजी गुलामांनी फ्रेंच सैन्याला हरवून हे राष्ट्र उभं केलं. शेवटची मोठी लढाई याच शहराच्या वेशीवर, व्हेर्तिएरला, १८ नोव्हेंबर १८०३ रोजी झाली. भोपळ्याचं सूप मालक लोकांचं, शिजवायचं गुलाम बायकांनी आणि चाखायचं नाही. म्हणून स्वातंत्र्याच्या पहिल्या दिवशी सगळ्यांनी तेच प्यायचं ठरलं. क्रांतीचा सेनानी दस्सालिन याची पत्नी मारी-क्लेर ओरेझ हिच्या नावाशी ही प्रथा जोडतात.

चार वाजता उखळाचा आवाज. लसूण, पातीचा कांदा, पार्सली, थाईम कुटून एपीस, म्हणजे यांचं वाटण. मांस काल रात्रीच लिंबानं धुऊन त्यात मुरवलेलं. भोपळा शिजवून, घोटून, गाळून. मग भाज्या, बटाटा, शेवटी मॅकरोनी. आणि एक अख्खी मिरची वर तरंगत ठेवायची, ती फुटता कामा नये. ग्राननी ते काम मला दिलं. पाऊण तास मी हातात पळी घेऊन त्या एका मिरचीवर डोळा ठेवून उभी. फुटली नाही.

पहिला वाडगा बाळंतिणीला गेला, दुसरा शेजारच्या एकट्या म्हाताऱ्याला, मग पोरं. मग दिवसभर ओने-रेस्पे, ओने-रेस्पे. येणारा त्याच्या घरचं सूप घेऊन येतो, आमचं घेऊन जातो. डिसेंबर २०२१मध्ये युनेस्कोनं मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत सूप जूमूचा समावेश केला, त्या दिवशी माकोमे वॉर्डात रडत होती.

२ जानेवारी

इथं आजही सुटी. आजचा दिवस पूर्वजांचा. सकाळी मिलोला धावती फेरी, सां-सूसी राजवाड्याचे अवशेष पाहिले. आरी क्रिस्तोफ राजाविषयी आणि डोंगरावरच्या त्याच्या किल्ल्याविषयी वाटाड्यानं तासभर सांगितलं. राणी मारी-लुईझबद्दल मीच विचारलं. राजाच्या मृत्यूनंतर ती लेकींना घेऊन परदेशी गेली आणि १८५१ साली इटलीत पिसाला वारली.

परत आलो तर बाळाची नाळ गळून पडली होती. आजच्या दिवशी पडली म्हणून घरात केवढा आनंद! परसात खड्डा खणला, चिमूटभर नाळ त्यात ठेवली आणि वर अ‍ॅव्होकॅडोचं रोप लावलं. लोंब्रित म्हणजे बेंबीची नाळ. हैतीचा माणूस जगात कुठेही असो, गावाबद्दल सांगताना म्हणतो, माझी लोंब्रित तिथं पुरली आहे. मी त्यांना सांगितलं की मराठीतही मातीशी नाळ जुळलेली असते. पण आम्ही तो शब्द नुसता भाषणात वापरतो. ग्राननी मात्र हाताला लागलेली माती बाळाच्या पायाला लावली.

३ जानेवारी, रस्त्यावर

पहाटेच्या बसनं राजधानी पोर्तोप्रेन्सकडे. निघताना ग्राननी काळ्या तेलाची बाटली फडक्यात बांधून दिली.

डोंगर उतरून गोनाइव्ह, जिथं स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला. मग समुद्राकाठानं आर्काए. फ्रेंच तिरंग्यातला पांढरा पट्टा काढून उरलेले निळा आणि लाल पट्टे कात्रीन फ्लोन हिनं इथं १८ मे १८०३ रोजी शिवले, असं परंपरा सांगते. सुट्टे पैसे परत आले त्यात दहा गुर्दची नोट होती. तिच्यावर सानिते बेलेर : क्रांतिसेनेतली अधिकारी, ऑक्टोबर १८०२मध्ये फ्रेंचांनी ठार केली. नोट इतकी हातोहात फिरलेली की चेहरा जवळजवळ पुसला गेला होता.

वाटेत माकोमेशी मी एका शब्दावरून वाद घातला. हैतीत बाईला पोतो मितां म्हणतात. व्होडूच्या मंदिरातला मधला खांब, ज्याच्यावर छप्पर तोललेलं असतं. मला शब्द फार आवडला होता. ती म्हणाली, "खांबाला कुणी विचारतं का, दमलीस का म्हणून? खांबाला बसता येत नाही." मग बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. "आयुष्यात एकदाच बसू देतात, नूरीस असताना. तेवढ्यासाठी माझ्या आईनं सहा पोरं घातली असं मला कधीकधी वाटतं."

दोन वर्षांनी, २०२१ साली जेसिका जेनेयूस यांचा 'फ्रेदा' आला तेव्हा हे बोलणं मला आठवलं. क्रेओलमधला चित्रपट, कानमध्ये दाखवला गेलेला. राजधानीतलं एक छोटं दुकान, आई आणि दोन मुली. एकीला शिकायचं आहे, दुसरी रंग उजळायच्या क्रीम फासते. आईची माया आणि आईचा जाच एकाच हातानं येतात. खांब होऊन जगलेली बाई लेकींनाही खांबच करू पाहते. त्या आईचा मला राग आला नाही.

४ जानेवारी, पोर्तोप्रेन्स

विमानाला वेळ होता, म्हणून ओलॉफसन हॉटेलच्या व्हरांड्यात कॉफी घेतली. लाकडी नक्षीची, पांढरी, जुनी हवेली. इथं गुरुवारी रात्री राम हा बँड वाजवायचा. लष्करी राजवटीत १९९२च्या सुमारास त्यांच्या 'फेय' या गाण्यावर बंदी आली होती. नदीत पडलेल्या एका पानाचं गाणं, पण लोकांनी त्यात हद्दपार राष्ट्राध्यक्ष पाहिला. पुन्हा पानच.

या बँडच्या प्रमुखाची आई एमेरांत द प्रादीन, १९१८चा जन्म. चाळीसच्या दशकात चर्चनं व्होडूविरुद्ध मोहीम काढून ढोल जाळले. नेमक्या त्या काळात ही चांगल्या घरातली मुलगी ढोलावरची गाणी लोकांपुढे गात होती. गायिका मार्था जां-क्लोद यांना १९५२ साली त्यांच्या लेखनाबद्दल गरोदरपणी तुरुंगात टाकलं, आणि त्या वर्षअखेर त्या क्यूबाला गेल्या. तिथून हैतीची गाणी गात राहिल्या. २०१९मध्येच नाताली जोआकिम या बासरीवादक गायिकेचा 'फाम दायिती' हा संग्रह आला. तिनं या गायिकांच्या आठवणींसोबत आपल्या आजीचा आवाज आणि दांतां या खेड्यातल्या मुलींचा कोरस गुंफला आहे. तो मी वॉर्डातून घरी जाताना गाडीत लावते. आजीचा आवाज आला की गाडी बाजूला घ्यावी लागते.

जुलै २०२५मध्ये टोळ्यांच्या हिंसाचारात ओलॉफसन जळलं. तो व्हरांडा आता नाही. माकोमेही कितीतरी दिवस ओकापला जाऊ शकलेली नाही. फोनवर अ‍ॅव्होकॅडोच्या झाडाचे फोटो येतात, शेजारी उभी पोरगी दर वेळी त्याच्यापेक्षा बुटकी.

विमानतळावर माझी बॅग उघडायला लावली. तपासणाऱ्या बाईनं फडक्याची गाठ सोडली, बाटलीचं बूच काढलं आणि नाकाशी धरली. तिचा सगळा चेहरा सैल झाला. "मास्क्रिती," ती हळूच म्हणाली. मग बूच घट्ट लावून, फडकं होतं तसं गुंडाळून, दोन्ही हातांनी बाटली माझ्या कपड्यांमध्ये मधोमध ठेवली.

"घरात नूरीस कोण आहे?" तिनं विचारलं.

मी मोडक्यातोडक्या क्रेओलमध्ये सांगितलं की मी बाळंतिणींची नर्स आहे, माझ्याकडे रोज नवी येते.

"मग पाणी गरम देत जा," ती म्हणाली.